मधल्यांचा डोंगर

नागपुरात मे महिन्यात बर्फाचा विषय निघतो तो रसवंतीवर. आमच्याकडे तो घरातच निघायचा. मी बुटीबोरीहून कंपनीच्या बसने भाजून निघाल्यासारखी परत यायचे, फाटकाची कडी काढायचे, आणि घरमालकीणबाई कुलरसमोरून हाक मारायच्या.

"आली का वं? तोंड धू आणि मोबाईल घेऊन ये. आज जॉर्जिया पाहू."

"मावशी, पाणी तर पिऊ द्या न."

"पी न. मी कुठी पळून राहिली?"

मग तांब्याभर पाणी पिऊन मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसायचे आणि परदेशातल्या कुठल्यातरी डोंगराची माहिती वाचून तिचं मराठी करून सांगायचे. उतार किती, वर न्यायला पाळणा आहे की नुसता धरून ओढला जायचा दांडा, खाली थांबायला जागा किती. मावशी डोळे मिटून ऐकायच्या आणि शेवटी बहुतेक वेळा मान हलवायच्या. "नाही. हे आपल्या कामाचं नाही."

मी मूळची उमरेडची. बुटीबोरीच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि रोजचं येणंजाणं झेपेना, म्हणून खामल्यात त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. खोली दाखवताना त्यांनी माझी जात, पगार, लग्नाचा विचार यातलं काही विचारलं नाही. "मोठ्यानं वाचता येते का?" एवढंच विचारलं. मला वाटलं, पोथीबिथी वाचून घ्यायची असेल.

त्यांचा जन्म पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेला होता. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीच्या आधी ऑफिसातल्या बायांबरोबर एलटीसीच्या सरकारी सवलतीवर काश्मीरला गेल्या. बाकीच्या बाया झगे घालून फोटो काढत होत्या, आणि यांनी पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून वळणं घेत उतरणारी एक पोरगी पाहिली. पाहतच राहिल्या म्हणे, इतक्या की बस सुटता सुटता राहिली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एकट्या गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा वर्ग करून आल्या. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि या. पडून पडून अंग काळंनिळं झालं. पण शेवटच्या दिवशी शिकवणाऱ्याने सांगितलं, "माताजी, अब आप नए नहीं रहे. पक्के भी नहीं हुए. बीच में हो." कोणी पदक घालावं तसं हे वाक्य त्या घेऊन आल्या.

तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात तीनच तऱ्हेची माणसं होती. शिकाऊ, मधली आणि पक्की. भाजीवाला पक्का. नवा पोस्टमन शिकाऊ. गांधीबागेत कापडाचा ठोक व्यापार करणारा त्यांचा भाऊ म्हणजे "कपड्यात पक्का, बोलण्यात शिकाऊ". मी कशात आहे असं एकदा लाडाने विचारलं, तर म्हणाल्या, "तू सगळ्यातच मधली आहे." मला रागच आला होता. आता नाही येत.

"गुलमर्गले शिकाऊसाठी मैदान आहे, पक्क्यांसाठी पहाड आहे," त्या म्हणायच्या. "मधल्यांनी कुठी जावं? त्यांच्यासाठी कोणी काही बांधून नाही ठेवलं. एक त सपाट, नाही त मरण."

हे सगळं नुसतं हौसेचं असतं, तर मी सुद्धा शेजाऱ्यांसारखी हसले असते. पण मावशींना काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसणं आधी गेलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं, आणि तेही दर तपासणीला थोडं आत सरकत होतं. समोरचं ताट दिसायचं, पण ताटाशेजारचा पेला हाताने शोधावा लागायचा. रस्ता ओलांडताना कोंबडी मान वळवते तशी मान वळवून वळवून पाहायच्या. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की आपल्याकडे अजून एक-दोन हिवाळे आहेत. पूर्ण आंधळं व्हायच्या आत एकदा, फक्त एकदा, एका बऱ्यापैकी डोंगरावरून वरपासून खालपर्यंत स्वतःच्या पायांनी उतरून यायचं. मग भाऊ म्हणेल तिथे जाऊन बसायचं. तो डोंगर कोणता, एवढंच ठरायचं होतं, आणि तेच ठरत नव्हतं.

निवडण्याची त्यांची रीत स्वयंपाकघरातली होती. त्या पर्यटनवाल्यांचे रंगीत नकाशे पाहायला तयार नसत. "हे चित्र आहे. डोंगर असा राहतच नाही. गिऱ्हाईक पटवायले काढलं आहे." मग परातीत कणीक घ्यायची, मी वाचत जाईन तसा तिचा डोंगर करायचा, बोटाने वाट काढायची आणि त्या वाटेवरून आगपेटीची काडी घसरवत आणायची. काडी मध्येच अडली तर, "इथी सपाट आहे, इथी मले ढकलत न्या लागन." काडी सुटली तर, "बाप रे! गेली मी." डोंगर नापसंत झाला की त्यातच पाणी घालून मळायला घ्यायच्या. माझ्या तिथल्या दोन-तीन वर्षांत मी जॉर्जियाच्या, बल्गेरियाच्या, कझाकस्तानच्या पोळ्या खाल्ल्या. बल्गेरियाच्या जरा कडक झाल्या होत्या.

नापसंतीची कारणं ऐकून माझं डोकं फिरायचं. एका डोंगराचा वरचा भाग सोपा होता, पण खाली गावात पोहोचायचा शेवटचा तुकडा अवघड. तो बाद. "घरी परत येतानाच कठीण पडते, असा डोंगर काय करायचा?" दुसऱ्यावर वाटा एकमेकींना छेदत होत्या, म्हणजे बाजूने माणसं येणार, आणि बाजू यांना दिसत नाही. तिसऱ्यावर दांडा धरून वर जायचं होतं, आणि बाजूने येणारा दांडा यांना पकडता आला नसता. चौथा सगळ्याच बाबतींत बरा होता, पण लोक इंग्रजीत ओरडणार. "'बाजूले हो' हे मले समजेपर्यंत तो आणि मी दोघंही आडवे." आणि सगळ्यांत महत्त्वाची अट झाडांची. ती अट कुठून आली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उन्हाळा तापायच्या आधी नागपुरात गच्चीला चुना मारतात, खालचं घर थंड राहावं म्हणून. त्या वर्षी आम्ही दोघींनीच मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी वाळत घातलेली चादर काढायला वर गेल्या. मागच्या बाजूचा कठडा अर्धवट बांधलेला होता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी बादली घेऊन जिना चढले, तर त्या सरळ त्या मोकळ्या बाजूकडे चालत होत्या, शांतपणे, चादर हातावर टाकून. मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. त्या थांबल्या आणि होत्या तिथेच खाली बसल्या.

"गच्ची कुठी संपते तेच नाही समजलं वं," बसल्याबसल्या म्हणाल्या. "सगळं पांढरं. वर पांढरं, खाली पांढरं."

मी त्यांना धरून खाली आणलं. मला वाटलं, आता बर्फाचं खूळ गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचे रिकामे डबे आणवले, बाहेरून डांबराने काळे केले, त्यांत कोरफड, सदाफुली, कढीपत्ता असं हाताला लागेल ते लावलं आणि गच्चीच्या दोन्ही कडांना ओळीने मांडलं. मग त्या दोन ओळींच्या मधून चालून पाहिलं.

"आता दिसते. बर्फावर बी हेच. दोन्हीकडून झाडं पाहिजेत. टकला डोंगर नाही चालत आपल्याले."

त्यानंतर कुठलाही डोंगर निघाला की पहिला प्रश्न, झाडं आहेत का?

रोज सकाळी त्या डब्यांच्या मधून मावशी सराव करायच्या. टाचा बाहेर, अंगठे आत. याला त्या नांगर म्हणायच्या, वेग आवरायचा तो याच्यावर. गुडघे वाकवून डावीकडे वळायचं, डब्याशी थांबायचं, मान उचलून मागे वर पाहायचं, मग उजवीकडे. शेजारच्या गच्चीवर पापड घालणाऱ्या काकू विचारायच्या, "काय वं बाई, यंदा तरी पसंत पडलं का एखादं?" मावशी म्हणायच्या, "पाहून राहिली. घाई कायची आहे?" घाई कशाची होती ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

त्यांचा एक नियम मात्र मला पाठ झाला, कारण तो त्या घरीदारी सगळ्यांना लावायच्या. उताराच्या मधोमध कधी थांबायचं नाही. वरून येणाऱ्याला आपण दिसत नाही. कडेला जायचं, झाडापाशी थांबायचं, वर कोणी येत नाही ना ते पाहायचं आणि मगच निघायचं. मी जिन्यात फोनवर बोलत उभी राहिले तरी खालून आवाज यायचा, "मधात नको उभी राहू वं! कडेले हो!" भाऊ दारात उभा राहून चपला काढायचा, त्यालाही तेच.

भाऊ वाईट नव्हता. दर रविवारी गांधीबागेतून यायचा, डोळ्यांत घालायचे थेंब आणायचा, आणि जाताना त्याच विषयावर यायचा.

"ताई, किती दिवस असं एकटीनं राहशील? वरची खोली रिकामी आहे आमच्याकडं. चाल न."

"येते न. एकदा जाऊन येते, मग येते."

"अवं, पण कायले जाते? इथीच गच्चीवर कापूस पसरून देतो तुले. घसर म्हणा!"

"कापसावर घसरणं नाही होत. मधात रुततो माणूस," त्या अगदी गंभीरपणे सांगायच्या, आणि भाऊ माझ्याकडे पाहून हात जोडायचा.

एकदा मीच भडकले. दिवसभर उभं राहून पाय सुजले होते आणि परातीत कुठल्यातरी सातव्या का आठव्या डोंगराला नाकं मुरडणं चाललं होतं. मी म्हटलं, "मावशी, खरं सांगा, तुम्हाले जायचंच नाही आहे. नुसतं पाहात बसायचं आहे."

त्यांनी काडी खाली ठेवली. "जायचं आहे वं. पण भेव वाटते. चुकीचं निवडलं त दुसऱ्यांदा निवडायले डोळे नाही राहणार."

मी परात ओढून घेतली आणि पोळ्या मीच केल्या.

शेवटी उत्तराखंडातलं औली ठरलं. दोन्ही बाजूंना झाडं, एकच सरळ उतार, मध्ये अवघड तुकडा नाही, लोक हिंदीत ओरडणारे, पासपोर्टची भानगड नाही. परातीतल्या डोंगरावरून काडी वरपासून खालपर्यंत एका लयीत आली. मावशींनी त्या दिवशी तो डोंगर मोडला नाही. कणकेची परात तशीच झाकून ठेवली आणि आम्ही पोहे खाल्ले. भावाने अट घातली की ही पोरगी बरोबर पाहिजे, आणि मी रजा काढली.

जानेवारी संपत आला होता. गाडीने हरिद्वार, तिथून दिवसभर घाटाचा रस्ता. मावशी खिडकीशी बसून काचेत नाक घालून पाहत होत्या. डोंगर तपकिरी होते. मी मनात म्हटलं, वर असेल. आणखी वर गेलो. तेही डोंगर तपकिरीच. ड्रायव्हर म्हणाला, "इस बार तो गिरी ही नहीं, माताजी." मावशींनी काच पुसली आणि पुन्हा नाक लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतारापाशी गेलो. लांबच्या शिखरांवर होता तेवढाच बर्फ, चित्रात असावा तसा. उतारावर पिवळं, मेलेलं गवत. दोन्ही बाजूंना झाडं होती, अगदी मावशींना हवी तशी, काळीभोर. उतार होता तो त्यांनी कणकेत केला होता तस्साच. त्यावर खेचरं चरत होती.

मावशी मान वळवून वळवून पाहत राहिल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, पुन्हा इकडे. मला कुठे पाहावं कळेना.

"सारं पाहिलं आपण," त्या म्हणाल्या. "उतार पाहिला, झाडं पाहिली, बोलणारे पाहिले. बर्फ आहे का, हे नाही पाहिलं."

"मावशी, जानेवारीत हिमालयात बर्फ नसते असं कोणाले वाटन?"

"तेच म्हणते मी. नागपुरात मे महिन्यात ऊन पडन का, असं कोणी विचारते का? आपण तसंच धरून चाललो."

आणि आम्ही खरंच तसं धरून चाललो होतो. दोन-तीन वर्षं मी जगभरातली माहिती वाचली, पण निघायच्या आधी तिथल्या एका माणसाला फोन करून विचारलं नाही. बर्फ पडेल या आशेने आम्ही तिथे राहिलो. रोज आभाळ निळं, लख्ख. परदेशातून आलेले लोक त्या आभाळाचे फोटो काढत होते. मला त्या आभाळाचा इतका राग कधी आला नव्हता.

निघायच्या दिवशी मावशी कॅनव्हासचे बूट घालून तयार झाल्या. "चाल, वर जाऊ."

उताराच्या माथ्यावर आम्ही धापा टाकत पोहोचलो. त्यांनी टाचा बाहेर केल्या, अंगठे आत, गुडघे वाकवले, आणि गवतावरून चालत उतरायला लागल्या. सरळ नाही, वळणं घेत. डावीकडच्या झाडापर्यंत जायचं, खोडाला हात लावायचा, थांबायचं.

"वर पाह वं. कोणी येऊन त नाही राहिलं?"

"नाही, मावशी."

मग उजवीकडे. पुन्हा झाड, पुन्हा हात, पुन्हा तोच प्रश्न. मी त्यांच्या मागे दोन हात अंतर ठेवून चालत होते, कुठे पाय मुडपला तर धरता यावं म्हणून. खेचरवाला बिडी ओढत आमच्याकडे पाहत होता. हसला नाही बिचारा.

"पाठ करून राहिली मी," मावशी म्हणाल्या. "पुढच्या साली बर्फ राहीन, डोळे नाही राहणार. पायाले आठवलं म्हणजे झालं."

खाली पोहोचल्यावर त्यांनी एकदाच मागे वळून पाहिलं. मग गाडीत बसल्या आणि हरिद्वारपर्यंत झोपल्या. मी मात्र जागी होते आणि रडत होते. ड्रायव्हरने न सांगता गाणी बंद केली.

पुढचं साल मावशींसाठी आलं नाही, म्हणजे जसं यायला हवं होतं तसं नाही. पावसाळ्यातच उरलेलं दिसणं भराभर गेलं. सरावाला त्या वर जायच्या, पण आता काळे डबेही दिसत नव्हते, पाय लागून दोन-तीन उलटले. एका रविवारी भाऊ आला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं, "चाल, येते तुझ्याकडं." तो बिचारा इतका दचकला की चपला घालायला विसरून अनवाणीच रिक्षा आणायला गेला. मला दुसरीकडे खोली पाहावी लागली. कढीपत्त्याचा डबा मी माझ्याबरोबर नेला.

गांधीबागेत त्यांच्याकडे मी अधूनमधून जाते. खाली दुकान, वर घर, मधला जिना उभा आणि अंधारा. मावशी वरच्या खोलीत दिवाणावर बसलेल्या असतात. भावाची बायको त्यांचं चांगलं पाहते. वेळेवर जेवण, वेळेवर चहा. मावशी कोणाला शिकाऊ म्हणत नाहीत, कोणाला पक्कं म्हणत नाहीत. कोणी जिन्यात उभं राहिलं तरी ओरडत नाहीत. मला तेच जास्त लागतं.

यंदा औलीला भरपूर बर्फ पडला. मी मोबाईलवर पाहिला आणि दुपारची त्यांच्याकडे गेले. सांगावं की नाही, असं जिना चढेपर्यंत चाललं होतं. पण त्यांच्याशी मी बर्फाशिवाय दुसरं कधी काय बोलले होते?

"मावशी, तिथी बर्फ पडला यंदा. खूप."

"कुठपर्यंत?"

"पार खालपर्यंत. झाडं अर्धी बुडाली."

त्यांनी पाय दिवाणावरून खाली सोडले, जमिनीला टेकवले. टाचा बाहेर, अंगठे आत.

"निघाली मी," म्हणाल्या. "डावीकडं. ते वाकडं झाड. हात लावला. आता उजवीकडं, लंबं जायचं आहे. तिथी जोड झाड. मग डावीकडं, जरासा खड्डा..." बसल्या जागी त्यांचे गुडघे या बाजूला, त्या बाजूला होत होते. चेहरा उजळला होता. "मग... मग उजवीकडं. उजवीकडं कोणतं झाड होतं वं?"

मी आठवायला गेले. मला एकही झाड आठवेना. वाकडं नाही, जोड नाही, कुठलंच नाही. त्या उतारावर मी झाडांकडे पाहिलंच नव्हतं. मी वरपासून खालपर्यंत फक्त त्यांच्या पायांकडे पाहत होते, त्या पडू नयेत म्हणून.

"नाही आठवत, मावशी."

त्यांचे गुडघे थांबले. खालच्या दुकानातून कापड फाडल्याचा आवाज येत होता.

"मधातच उभी आहो मी वं," त्या हळूच म्हणाल्या. "वर पाह. कोणी येऊन त नाही राहिलं?"

मी वर पाहिलं. छताला पंखा होता, बंद. मी त्यांचा हात हातात घेतला.

"नाही, मावशी. कोणी नाही."